दोघीही पाहुण्या

आमच्या घरी चहा झाला की आई आधी बाबांना देते, मग मला, मग दारात कोणी उभं असेल तर त्याला. "तुहा कुठी हाये?" असं विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर येतं, "मी मागून घेईन." हा मागूनचा चहा म्हणजे गाळणीतल्या चोथ्यावर पाणी ओतून पुन्हा उकळलेला, आणि तोही भांडी आवरता आवरता घेतलेला. खायची कोणतीही वस्तू पुढे करा, तिचा पहिला शब्द "मले नको" हाच असतो. लहानपणी मला खरंच वाटायचं की आईला जिलेबी आवडत नाही. मोठी झाल्यावर खरं काय ते कळलं आणि तेव्हापासून मला या "मले नको"चा राग येतो. मला राग तसा लवकरच येतो, आमच्या गावात कोणालाही विचारा.

गाव ब्रह्मपुरीपासून जवळच, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात हिशेबाच्या टेबलावर बसते आणि संध्याकाळी जीपमध्ये कोंबून घेऊन घरी येते. आईबाबांची मी एकटीच. लग्न करायचं नाही हे एकदा सांगून टाकलं, गावानं दोन वर्षं त्यावर चर्चा केली आणि मग विषय जुना झाला.

आईला एक मोठी बहीण आहे. आई धान पिकवणाऱ्या घरात आली, मावशी पार अहेरीकडे, नदीत जाळं टाकणाऱ्या घरात गेली. थोडी शेती त्यांचीही आहे, पण मावशीचं खरं राज्य मासोळ्यांवर. ती कोणाकडेही गेली की पाणी पिण्याआधी गाठोडं सोडते आणि सुकवलेल्या मासोळ्यांची पुडी त्या घरच्या बाईच्या हातात ठेवते. मगच टेकते. आमच्या घरी ती येऊन गेली की आठ दिवस फडताळाला तिचा वास असतो.

हे सगळं सुरू झालं ते नात्यातल्या एका लग्नापासून. एप्रिलचं ऊन, आमच्याकडचं ऊन म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही, आणि त्यात मांडवामागे मोठमोठ्या गंजांत वरण शिजतंय. आई आणि मावशी तिथंच दोन दिवस. एक वांगी चिरते आहे, दुसरी तांदूळ निवडते आहे. परतताना जीपमध्ये आई पदरानं वारा घेत होती. मग म्हणाली, "बाईसोबत बोलणंच नाई झालं." आई मावशीला बाई म्हणते.

"दोन दिवस सोबतच तर होत्या तुमी," मी म्हटलं.

"सोबत काम केलं. बोललो कुठी?"

"मंग बोलाव तिले घरी. राहू दे आठ दिवस."

"आली होती न मागं. बाई बसली, मी रांधलं. मी तिच्या इथी गेली, त मी बसली आन बाईनं रांधलं. एक बसली का दुसरी उठते. लग्न झाल्यापासून आमी दोघी एका टायमाले बसलोच नाई वं."

हे ती काही रडक्या आवाजात बोलली नाही. भाव सांगावा तसं सांगितलं. मी उन्हानं वैतागलेली, चेष्टेनं म्हणाले, "मंग एखाद्या मोठ्या हॉटेलात जाऊन राहा दोघी. तिथी कोणालेच उठा लागत नाई."

गावाचा फाटा दिसायला लागला तेव्हा तिनं विचारलं, "तिथी रांधते कोण?"

"हॉटेलवाले."

"आन भांडे?"

"तेच घासतात."

"आन झाडझूड?"

"आई, सगळंच तेच करतात. तेवढ्यासाठीच तर पैसे घेतात."

"किती घेतात?"

मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत चेष्टेचा लवलेश नव्हता. लग्नाच्या मांडवातून निघालेली माझी आई, केसांत हळदीच्या अक्षता अडकलेली, पंचतारांकित हॉटेलचा दर विचारत होती. मला इतका आनंद झाला की जीपमध्ये ओरडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी हिशेबाला बसले. आधी आपली ऐपत बघून साधा लॉज सुचवला. आईनं तो झटक्यात मोडीत काढला. एकदा देवाला गेली असताना ती लॉजवर राहिली होती आणि तिथली मोरी बघून तिनं स्वतः खराटा मागून घेतला होता, चादरी धुऊन गच्चीवर वाळत टाकल्या होत्या. "घाण दिसली का हात चालतेच," ती म्हणाली. "बाईचा त माह्यापेक्षा जास्त चालते." म्हणजे आम्हाला अशी जागा हवी होती की जिथं या दोन बायकांच्या हातांना करण्यासारखं काही दिसणारच नाही. अशा जागेला किती पैसे पडतात हे मी मोबाइलवर पाहिलं आणि पाणी प्यायले.

शहर कोणतं, हाही प्रश्न होता. नागपूर जवळ, पण नागपुरात आमचे इतके नातेवाईक की हॉटेलात उतरलो असं कळलं असतं तर चार घरांत अबोला झाला असता, आणि कोणीतरी येऊन बॅगांसकट घरी नेलं असतंच. मग पुन्हा चूल आणि पुन्हा आई. हैदराबादेत आमचं कोणी नाही. बल्लारपूरहून गाडी थेट जाते. मावशीच्या भागात तेलुगू चालते, तिला ती भात कालवावा इतकी सहज येते. हैदराबाद पक्कं झालं.

आता दर. हिवाळ्यात तिथल्या एका पंचतारांकित हॉटेलची खोली मागायची म्हणजे माझा अर्धा पगार. लग्नसराईत त्याहून जास्त. मी महिने पुढे पुढे सरकवत गेले आणि जुलै-ऑगस्टला येऊन दर एकदम खाली बसला. पावसाळ्यात फिरायला कोणी जात नाही, खोल्या रिकाम्या पडतात, म्हणून अर्ध्या भावात देतात. मी नाचतच आईकडे गेले.

"जुलैत?" आई म्हणाली. "रोवणी तुहा बाप करन का?"

हे मला सुचलं नव्हतं, धानाच्या गावात जन्मून. शहर जेव्हा रिकामं असतं तेव्हाच आमच्या बांध्या भरलेल्या असतात. लावणीसाठी पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटायची, चिखल करायचा, बायांच्या रांगा लागतात, श्वास घ्यायला सवड नसते. आणि आम्ही जेव्हा रिकामे, तेव्हा शहरात गर्दी आणि दर आभाळाला. जगानं आपला स्वस्त हंगाम आमच्या कामावर बरोबर आणून ठेवला होता. मी बराच वेळ त्या मोबाइलवर चिडचिड केली.

आईनं मात्र बोटांवर मोजलं. आमच्याकडे तलावाचं पाणी, आमची रोवणी लवकर उरकते. मावशीकडे पावसावर सगळं, तिची उशिरा. दोन्हीकडची रोवणी आटोपली आणि निंदण अजून सुरू व्हायचंय अशी एक फट ऑगस्टच्या शेवटाला, पोळ्याच्या आधी असते. हॉटेलचा दर तेव्हाही खालीच होता. त्या फटीत दोन रात्री बसत होत्या. मावशीनंही मुलाच्या फोनवरून तारीख पक्की केली.

मग आई म्हणाली, "लाव फोन. भाव मी करीन."

इथं सांगायला हवं की आई आमच्या वाडीतल्या रोवणीच्या बायांसाठी बोलणी करते. एकराचा गुत्ता, म्हणजे ठोक मजुरी, ठरवायचा तर मालकाशी तीच बोलते. तिची पद्धत अशी की आपला भाव सांगायचा, मालक नाही म्हणाला की भांडायचं नाही, "बरं" म्हणून उठायचं आणि बांधावरून हळूहळू चालू लागायचं. मालक हाक मारतोच. पण हैदराबादच्या हॉटेलातून हाक मारायला कोण येणार होतं? मी तिला परोपरीनं सांगितलं की तिथं भाव होत नसतो. तिनं फोन माझ्या हातातून घेतला.

"साहब, बारिश में तुम्हारे इधर कौन आता है?" पलीकडचा माणूस काहीतरी गोड बोलला. "खोली खाली रही तो तुमको क्या मिलता? हमारी बांधी खाली रही तो हमको भी कुछ नहीं मिलता." तो हसला असावा. दर त्याच्या हातात नाही, म्हणाला. "बरं," म्हणून आईनं फोन ठेवला. गाईला पाणी दाखवून आली, पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा "बरं". मी लाजेनं घरात जाऊन बसले. तिसऱ्यांदा ती दारातून ओरडली, "पोरी! नाष्टा फुकट! आन तुह्यासाठी तिसरी खाट बी फुकट!" दर एका रुपयानंही उतरला नव्हता. पण तिचा चेहरा असा काही फुलला होता की ते मी बोलून दाखवलं नाही.

खोलीचे पैसे मी भरायचे आणि गाडीभाडं, खाणंपिणं आईच्या रोवणीच्या मजुरीतून, असं ठरलं. पैसे भरताना एक ओळ खटकली. हा स्वस्त दर घेतला तर नंतर काही झालं तरी पैसे परत मिळणार नव्हते. मी आईला वाचून दाखवलं आणि म्हटलं की थोडे जास्त भरून पैसे परत मिळणारा दर घेऊ, पावसाळा आहे.

"परत नाईच भेटत?" तिनं विचारलं.

"नाईच."

"मंग तोच घे."

मला कारण नंतर कळलं. शेजारीण म्हणाली, एवढ्या पैशात तीर्थ झालं असतं. आई म्हणाली, "झालं असतं, पण पैसे भरले न आता." बाबांची आतेबहीण त्याच आठवड्यात राहायला येणार होती. "पैसे भरले न." गाय व्यायला झाली होती, बाबांना खोकला होता, बचत गटाची बैठक होती. सगळ्यांना एकच उत्तर, हात हलवत, मोठ्या दुःखानं, "काय करू बाप्पा, पैसे परतच भेटत नाई." आयुष्यभर कोणत्याही कारणासाठी आपला बेत सोडून देणाऱ्या बाईला तो स्वस्त दर कुंपणासारखा कामाला आला होता.

माझं बजेट एका कागदात संपलं. आईचं महिनाभर चाललं, कारण तिला पैशांपेक्षा माणसांची तजवीज करायची होती. गाईचं चारापाणी कोण बघेल, बांधीतलं जास्तीचं पाणी कोण फोडेल, आणि बाबा काय खातील? पहिली दोन उत्तरं शेजारात मिळाली. तिसऱ्यासाठी तिनं बाबांनाच चुलीपाशी बसवलं. बाबांनी त्या वयापर्यंत भात फक्त ताटात पाहिलेला. पहिल्या दिवशी पेज झाली. दुसऱ्या दिवशी खालचा भात काळा आणि वरचा कच्चा, तो कोंबड्यांनीही विचार करून खाल्ला.

"तू दोन दिवस जाऊन राह्यली का दोन वर्षं?" बाबांनी धुरात डोळे चोळत विचारलं.

"तुमचा भात जमन तवा जाईन," आई म्हणाली.

जमला. ज्या दिवशी तो मोकळा, पांढरा, शीत न् शीत वेगळा झाला, त्या दिवशी बाबा पानठेल्यापर्यंत जाऊन "आज भात मी मांडला" असं सांगून आले. तिथल्या लोकांनी त्यांची जी टर उडवली ती अजून चालू आहे. बाबांना तिचं काही वाटत नाही, उलट ते आता तांदूळ किती जुना आहे यावर मतं देतात.

रोवणी उरकली. बायांना जेवण देऊन झालं. आणि निघायच्या आठवड्यात पाऊस असा लागला की थांबायचं नावच घेईना. आमच्याकडे बोड्या, म्हणजे शेतातली तळी, भरून वाहिल्या एवढंच, पण मावशीच्या गावाबाहेर एक नाला आहे आणि त्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल. तो पाण्याखाली गेला की गाव तुटतं. मावशीकडे स्वतःचा फोन नाही, घरात एकच, तो तिच्या मुलाच्या खिशात. तो लागेना. दिवसभर लावला, लागेना. टॉवर बंद पडला असणार, हे आमच्या भागात नवं नाही.

बाबांची आतेबहीण तेव्हा खरोखर येऊन बसलेली होती. ती म्हणाली, "मोठी नाई येत त मी येतो. जागा काऊन फुकट घालवता?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जागा बाईची हाये. रिकामी गेली त रिकामी जाईन." मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते की थोडे जास्त पैसे भरून परतीचा दर का घेतला नाही. पण खरं सांगायचं तर पैशांचं दुःख नव्हतंच. पुढच्या वर्षी ही फट मिळेलच याची खात्री नव्हती, आणि आई दुसऱ्यांदा मागेल याची तर अजिबात नव्हती.

ठरल्या सकाळी आम्ही दोघी ब्रह्मपुरीहून पॅसेंजरमध्ये बसलो. बल्लारपूरला मावशी भेटणार, तिथून पुढची गाडी, असा बेत होता. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. बाहेर जंगल इतकं हिरवं की डबासुद्धा आतून हिरवट दिसत होता. एरवी आई खिडकीतून प्रत्येक बांधी पाहून "यायचं धान पिवळं पडलं," "यायनं दाट रोवलं" असे शेरे मारते. त्या दिवशी तिनं बाहेर पाहिलंच नाही. चंद्रपूर गेलं तरी ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसली होती.

बल्लारपूरला उतरलो. फलाटावर मिलमध्ये जाणाऱ्या माणसांची लगबग होती. मी आईला बाकावर बसवून चौकशी करायला निघणार, तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून आवाज आला, "किती उशीर वं लहानी!"

मावशी. मांडीवर गाठोडं, पदरात भुईमुगाच्या शेंगा, पायाशी टरफलांचा ढीग. आई जागच्या जागी उभी राहिली, मग धावली. माझी आई धावताना मी पहिल्यांदाच पाहिली. तिनं मावशीला मिठी वगैरे मारली नाही, दंडावर एक चापट मारली.

"तुह्या गावचा रपटा बुडला न!"

"बुडला असन. मी त पाणी वाढाच्या आधीच निंगली. नदीचा रंग पाह्यला का समजतेच न आमाले. दोन दिवस झाले येऊन." तिचा एक पुतण्या पेपर मिलमध्ये आहे, त्याच्या क्वार्टरवर ती उतरली होती. आमचा नंबर तिच्याजवळ नव्हता, तो घरच्या फोनमध्ये.

"मंग ब्रह्मपुरीले काऊन नाई आली सरळ? दोन दिवस माह्या इथी राह्यली असती!"

"अन् तू रांधलं असतं," मावशी शांतपणे म्हणाली. "मंग हे सारं कायले केलं आपण?"

त्या दोन दिवसांत पुतण्याच्या घरी तिनंच रांधलं, तिनंच झाडलं, हे ओघात कळलं. "म्हणून त आता लय बसाचं हाये मले," ती म्हणाली आणि खरोखरच गाडी येईपर्यंत बाकावरून हलली नाही. आईनं सवयीनं हात पुढे केला, मासोळ्यांच्या पुडीसाठी. मावशीनं गाठोडं पोटाशी ओढलं.

"तुह्या घरी नाई आली मी."

"मंग कोणाले देशीन?"

"घरवाली भेटली त देईन," मावशी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की हमालानं वळून पाहिलं.

हैदराबादेत पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती आणि बारीक पाऊस पडत होता. हॉटेल खरंच रिकामं होतं. त्या एवढ्या चकचकीत जागेत आम्ही तिघी आणि हसतमुख नोकरमाणसं. खोलीत शिरल्याबरोबर दोघींनी तपासणी केली. मावशीनं खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं, खाटेखाली वाकून पाहिलं. आईनं कपाट उघडलं, मोरीत जाऊन फरशी अंगठ्यानं घासून पाहिली. दोघी खोलीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"काईच काम नाई वं इथी," मावशी म्हणाली. आवाजात थोडी भीतीच होती.

जेवताना मात्र ती रंगात आली. वाढणारा माणूस तेलुगू बोलतो कळल्यावर तिनं त्याला गाव, घर, आई-वडील सगळं विचारलं, आणि त्यानं कार्डावर नसलेलं आंब्याचं लोणचं आतून आणून दिलं. आईला विचारलं, गोड काय घेणार? आई म्हणाली, "मले नको." मी दात आवळले. एवढं सगळं करून, दीडशे कोसांवर येऊन, तेच.

चारमिनार पाहायला रिक्षाचे पैसे वेगळे ठेवले होते, ते पुढे तसेच परत आले, कारण या दोघी खोलीबाहेर पडायलाच तयार नव्हत्या. त्या रात्री त्या एकाच मोठ्या खाटेवर आडव्या झाल्या आणि बोलायला लागल्या. माहेरच्या तलावाबद्दल, एका मारक्या म्हशीबद्दल, कोणत्या तरी यात्रेत दोघींत मिळून घेतलेल्या एका आरशाबद्दल, जो अजूनही आपलाच होता असं दोघींचंही म्हणणं आहे. मी माझ्या फुकटच्या खाटेवर पडून ऐकत होते. आईचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. धाकट्या बहिणीचा, हट्टी, जरा लाडावलेला आवाज. ऐकता ऐकता कधी झोप लागली कळलं नाही.

जाग आली ती कुजबुजीनं. बाहेर नुकतं फटफटत होतं. पाहते तर दोघी अनवाणी, चहाच्या केटलीसमोर उभ्या.

"तू नीज बाई, मी ठेवीन चहा."

"तूच नीज. दोन घोट पाणी तापवाले काय लागते?"

"नाई, तू मोठी होय. बस."

"तू लहानी होय. तू बस."

केटली सुरू कशी करायची हे एकीलाही ठाऊक नव्हतं. तरी एकीचा हात दांड्यावर, दुसरीचा झाकणावर. जीपमधल्या त्या दुपारपासूनचं सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. शहर, हंगाम, तीन वेळचे फोन, बाबांचा काळा भात. पैशांचा, माणसांचा, पावसाचा, सगळा विचार केला होता, आणि या दोघींनी पहाटे उठून त्या चकाचक खोलीत नेमकी चूल शोधून काढली होती. माझं डोकं फिरलं.

"बसा दोघी!" मी इतकी जोरात ओरडले की आईच्या हातून झाकण सुटलं. "खोलीचे पैसे कोणी भरले? मी भरले न? मंग हे घर माहं हाये. घरवाली मी हावो. पाव्हण्याईनं चुलीपाशी याचं नाई!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग काय झालं कोणास ठाऊक, दोघी मुकाट्यानं खाटेवर जाऊन बसल्या. शेजारी शेजारी, पाय लोंबकळत, हात मांडीवर. एका वेळी.

मी चहा केला. तबकात कप दोनच होते. पुड्यांतली दुधाची भुकटी, साखर, सगळं घालून ढवळलं आणि आधी मावशीला दिला, मग आईपुढे धरला. तिनं कपाकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं, तिसरा कप नाही हे तिच्या लक्षात आलं. तिच्या ओठांवर ते शब्द आलेले मला स्पष्ट दिसले.

"तुहा कुठी हाये?" तिनं विचारलं.

"घरवाली मागून घेते," मी म्हटलं.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं कप घेतला आणि वाफ निघत असताना पहिला घोट घेतला. माझ्या आधी, बसून, गरम. मला तेव्हा फार रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, सरळ रडले, आणि रडता रडता हसले. मावशीनं आपला कप बाजूला ठेवला, गाठोडं ओढलं, गाठ सोडली आणि मासोळ्यांची पुडी माझ्या हातात ठेवली. सगळ्या खोलीत नदीचा वास पसरला.

"धर," ती म्हणाली. "घरवालीच्या हातात द्याची असते."

मी ती पुडी तिथल्या छोट्या फ्रिजमध्ये, महागड्या चॉकलेटांच्या शेजारी नेऊन ठेवली. कप रिकामे झालेले दिसले तसं मी घरवालीला शोभेल असं विचारलं, "आणखी घोटभर आणू का?" आणि सवयीनं आईच्या "मले नको"ची वाट पाहत थांबले.

"आण," दोघी एकदमच म्हणाल्या.